बॉयलर इतकी स्वस्त कशी?

मांस खाण्याबद्दल कुणी बोलू लागले की आपल्या घरांत कपाळाला आठी पडते, आणि ते साहजिक आहे. खोली भाड्याने देताना, शाळेत डबा उघडताना “काय खाता?” हे आपल्यालाच विचारले गेले. अस्पृश्यतेचे मूळ आणि गोमांस यांचा संबंध बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’मध्ये मांडला, तोही याच जखमेचा इतिहास. तेव्हा हे लिहिताना आम्ही कुणाच्या सोवळ्याची बाजू घेत नाही. २०१५ साली राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली, बकऱ्याचे मटण मजुरीत बसत नाही. उरते ती बॉयलर.

गावठी कोंबडी वाढायला पाच-सहा महिने लागतात. बॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते. तिची जातच तशी घडवलेली आहे. अंगावर मांस इतक्या झपाट्याने चढते की पाय पेलत नाहीत, कित्येक पक्षी लंगडतात. एका शेडमध्ये हजारो पक्षी असतात. खाली भाताचे तूस, त्यावर त्यांचीच विष्ठा. आत काम करणाऱ्याचे डोळे चुरचुरतात. या गर्दीत रोग पसरू नये आणि वजन लवकर भरावे म्हणून अनेक ठिकाणी खाद्यातून, पाण्यातून अँटिबायोटिक दिले जाते, आजारी नसलेल्या पक्ष्यांनासुद्धा.

आम्ही नर्सिंग केलेल्या बायकांना कोलिस्टिन हे नाव चांगले ठाऊक आहे. बाकीची इंजेक्शने हरली की अतिदक्षता विभागात डॉक्टर ते लिहितात. त्याने किडनीला इजा होऊ शकते, तरी द्यावे लागते, कारण पुढे फारसे काही उरलेले नसते. हेच औषध कोंबड्यांना वजनासाठी चारले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. त्याआधी २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने कोंबडीचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचा अंश सापडला होता.

औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. मग साध्या लघवीच्या जळजळीलाही गोळी लागू पडत नाही, सलाईनमधून महागडी इंजेक्शने घ्यावी लागतात. दुकानात वाचवलेले पैसे असे दवाखान्यात जातात. (मेडिकलमधून दोन गोळ्या आणून बरे वाटताच सोडून देणे, हेही याच पापात मोडते.) नीट शिजवले की जंतू मरतात. धोका कच्च्या कोंबडीचा. ती नळाखाली धुऊ नका, शिंतोडे भांड्यांवर उडतात. त्याच विळीवर कांदा-काकडी चिरू नका. हात साबणाने धुवा.

आता शीलाचे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याची हौस यांत भेद केला आहे. तो दाखवून काही जण विषय तिथेच संपवतात. आम्हाला ते पटत नाही. सुरी फिरण्याआधीचे सहा आठवडे कुणाच्या भुकेची गरज म्हणून असे काढावे लागतात? ती गरज नफ्याची आहे. आणि त्या शेडमध्ये विष्ठा उपसणारे, दुकानात दिवसभर माना कापणारे हातही बहुधा गरिबाचेच असतात.

तरीही गर्भवती सुनेच्या ताटातला तुकडा काढून घ्या, असे आम्ही कधीच सांगणार नाही. राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अंडीही बहुतेक पिंजऱ्यातल्या कोंबडीचीच असतात, पण पोरांच्या अंड्याला आज आमची ना नाही. कपात करायची तर बारशाच्या, वाढदिवसाच्या पंगतीत करा, जिथे पातेलेभर रस्सा उरतो आणि गटारात जातो. गाडीवरच्या लॉलीपॉपमध्ये करा. घरी मटकी, हरभरा, सुकट आहेच. आणि आपल्या भागातल्या दुकानांच्या कोंबडीचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने शेवटचे कधी तपासले, हे महिला मंडळाच्या सहीने लेखी विचारा. अर्ज लिहायला आम्ही येतो.