पत्ता हरवलेला मासा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानात ‘ब्रिसलनोज’ मागितला, की दुकानदार काचेला चिकटलेला एक तपकिरी मासा जाळीनं अलगद सोडवून पिशवीत घालून देतो. नर मोठा असेल, तर त्याच्या नाकाडावर मऊ, फाटे फुटलेल्या मिशांचं रान असतं. हा मासा टाकीतलं शेवाळ खरवडून खातो, आणि एखादी पोकळी मिळाली की नर तिच्यात ठाण मांडून अंडी राखतो, परांनी त्यांना वारा घालावा तसं पाणी घालत राहतो. जगभरच्या टाक्यांमध्ये त्याच्या कितीतरी पिढ्या झाल्या. पांढरे झाले, लांब परांचे झाले. मात्र तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नेमक्या कुठल्या नदीचा, हे आज कोणालाही खात्रीनं सांगता येत नाही. जाणकार त्याला नाव देतानाही ‘अमुक जातीसारखा’ एवढंच म्हणून थांबतात.

ज्या काळात तो बाजारात आला, त्या काळात खोक्यावर नदीचं नाव लिहिणं कोणालाच गरजेचं वाटलं नव्हतं. या एका हलगर्जीपणाची किंमत आता त्याच्या दुसऱ्या एका भावंडाकडे पाहिलं की कळते.

हे भावंड म्हणजे अन्सिस्ट्रस रॅनुनक्युलस. अन्सिस्ट्रस हे प्रजातीनाम रूडोल्फ क्नेर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १८५४मध्ये दिलं. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ गळ. या माशांच्या गालांवर गळासारखे वाकडे काटे असतात, डिवचलं की ते बाहेर येतात. रॅनुनक्युलस म्हणजे इवलासा बेडूक. रुंद, चपट्या डोक्याच्या या काळ्याभोर माशाला ते नाव शोभतं. त्याला शास्त्रीय नाव मिळालं १९९४मध्ये, पण हौशी लोक त्याला त्याआधीपासून ओळखत होते. १९८८मध्ये एका जर्मन मासिकानं नाव नसलेल्या अशा माशांना ‘एल’ अक्षर आणि क्रमांक द्यायला सुरुवात केली, त्यात हा एल ३४. आज ही यादी पाचशेच्या पुढे गेली आहे. बाजार शास्त्राच्या किती पुढे धावतो, हे त्या आकड्यावरूनच दिसतं.

नरांच्या मिशांबद्दल संशोधकांनी १९९९मध्ये एक फार सुंदर तर्क मांडला. पिल्लं सांभाळणारा नर मादीला आवडतो, आणि त्या मिशा दिसतात पिल्लांसारख्या. जवळ पिल्लं नसली, तरी नर तोंडावर जणू पितृत्वाची खूण वागवत असतो. असा बाप घडायला किती लाख वर्षं, किती पूर आणि किती खडक लागले असतील!

रॅनुनक्युलस ॲमेझॉन खोऱ्याच्या पूर्वेकडच्या शिंगू आणि टोकँटिन्स या नद्यांचा. टोकँटिन्सवर १९८४मध्ये टुकुरुईचं धरण उभं राहिलं आणि त्याच्या वरचे इटाबोकाचे धावते प्रवाह पाण्याखाली गेले. उरली शिंगू. अल्टामिरा गावाच्या खाली ही नदी सुमारे शंभर किलोमीटरचं मोठं वळण घेते. त्याला व्होल्टा ग्रांदे, म्हणजे थोरलं वळणच म्हणतात. नितळ, कोमट, प्राणवायूनं भरलेलं पाणी काळ्या खडकांवरून फुटत जातं. खडकांच्या फटीत हे मासे. तिथले कोळी त्यांना ‘अकारी’ म्हणतात आणि काँप्रेसरच्या नळीनं श्वास घेत, हातानं टिपून आणतात.

या नदीवर धरण बांधायची आखणी १९७०च्या दशकात सुरू झाली. १९८९च्या फेब्रुवारीत अल्टामिरात मोठी सभा भरली. तिथं तुइरा या कायापो आदिवासी बाईनं वीज कंपनीच्या अधिकाऱ्याच्या गालाला कोयत्याचं पातं टेकवलं. ते छायाचित्र जगभर गेलं, जागतिक बँकेचं कर्ज अडलं, योजना मागे पडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्याकडे हरसूदला नर्मदेवरच्या धरणांविरोधात हजारो माणसं जमली होती. मराठी वाचकाला शिंगूची गोष्ट परकी वाटू नये, ती यासाठी.

पण मागे पडलेली योजना मेलेली नव्हती. बेलो मोन्ते या नव्या नावानं ती परत आली. २०१५च्या अखेरीस जलाशय भरू लागला, २०१६त वीज निघाली, २०१९पर्यंत ११,२३३ मेगावॉटची क्षमता पूर्ण झाली. त्यासाठी नदीचं ऐंशी टक्क्यांपर्यंत पाणी कालव्यानं वळवलं जातं, आणि थोरलं वळण बाजूला पडतं. डिसेंबरपासून पाणी चढावं, काठावरचं रान भिजावं, मासे तिथं अंडी घालायला शिरावेत, हा क्रम तुटला. वळणावर राहणाऱ्या जुरुना लोकांनी याच्या नोंदी वर्षानुवर्षं स्वतः ठेवल्या आहेत. अंडी कोरडी पडून वाळल्याचं त्यांनी जगाला दाखवलं आहे.

इथं हौशी पालकांचा एक युक्तिवाद पुढे येतो: आमच्या टाकीत हे मासे पिल्लं देतात, म्हणजे ते वाचले. मला तो मान्य नाही. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे. असा मासा घरी वाढवायला वर्षं जातात. पण टाकीत पूर येत नाही, आणि ज्या बापाला पूर माहीत नाही त्याची विसावी पिढी शिंगूची राहील, असं कसं म्हणावं? शिवाय नोंद न ठेवता पैदास सुरू राहिली, तर एल ३४चाही क्रॉफर्ड मार्केटमधला ब्रिसलनोज होईल. व्यापारावरचे कायदेही इथं अपुरे पडतात. याच वळणातला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको २०२२मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. चांगलं झालं. पण पिशवीत किती मासे जातात ते मोजणारा कायदा खडकावरून किती पाणी जातं ते मोजत नाही.

आणि खरा लढा त्या पाण्याचाच आहे. बेलो मोन्तेच्या परवान्याची मुदत २०२१च्या नोव्हेंबरात संपली, त्यानंतर नूतनीकरणाच्या अर्जावर काम चालू राहिलं. वळणाला किती पाणी सोडायचं, हाच त्यातला मुख्य वाद. जुरुनांच्या वह्यांमध्ये महिन्यागणिक आकडे आहेत, कुठल्या पातळीला कुठलं रान भिजतं ते लिहिलेलं आहे. परवान्यात तेच आकडे घालावेत, आणि डिसेंबरात पाणी सोडावं.