तिसरा कॉलम : कोण नव्हे, कुठे!

आमच्या ग्रुपची एक एक्सेल शीट आहे. दरवर्षी टूर द फ्रान्स सुरू व्हायच्या आधी ती फिरते. बॉस मीटिंगमध्ये गेला की प्रत्येकजण ऑफिसच्या लॅपटॉपवर आपापला अंदाज भरून टाकतो. पैज साधी आहे, हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची, जादा पावासकट. आम्ही सहाजण. दोघं रविवारी पहाटे खरोखर सायकलने सिंहगड चढतात, तिघं ‘पुढच्या रविवारी नक्की’वाले आणि सहावी मी, जी चढणाऱ्यांवर लिहिते.

शीटमध्ये तीन कॉलम असायचे. पहिला, कोण जिंकणार. दुसरा, दुसरा कोण. आणि तिसरा, कोण पडणार! म्हणजे मोठ्या नावांपैकी कोण आपटून घरी जाणार. त्याला डबल पॉइंट्स होते. खरं सांगते, सगळ्यात जास्त हशा त्याच कॉलमवर पिकायचा.

मग आला जून २०२३. टूरच्या आधी स्वित्झर्लंडमध्ये टूर द स्वीस होते, बडे रायडर तिथे पाय मोकळे करतात. १५ जूनला आल्बुला घाटाच्या उतारावर जिनो मेडर नावाचा स्विस रायडर रस्ता सोडून खाली गेला. दुसऱ्या दिवशी तो गेल्याची बातमी आली. वय वर्षं २६. आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा लहान.

टूर दोन आठवड्यांवर होती. शीट तोवर भरून झाली होती, तिसऱ्या कॉलमसकट. दोन दिवस कुणी त्या विषयावर अक्षर टाइप केलं नाही. तिसऱ्या दिवशी शीट उघडली, तर आमच्यातल्या बँकवालीने तिसऱ्या कॉलमची नावं पुसून टाकलेली आणि हेडिंगमधला एकच शब्द बदललेला. ‘कोण पडणार’ गेलं होतं. तिथे होतं, ‘कुठे?’

(त्या वर्षीच्या टूरमध्ये दहावा टप्पा पेयो बिल्बाओने जिंकला, मेडरच्याच टीममधला. त्याने तो विजय मेडरला अर्पण केला. त्या रात्री ग्रुपवर पॉइंट्सचा विषय कुणी काढला नाही.)

आता गंमत बघा. ‘कुठे’ हा प्रश्न विचारायला लागल्यापासून आमचे अंदाज सुधारले. कारण ‘कोण’साठी फक्त पेपरमधली नावं माहीत असावी लागतात. ‘कुठे’साठी नकाशा उघडावा लागतो. वारा कुठून येतो, रस्ता किती रुंद आहे, पाऊस पडला तर डांबर कसं होतं, हे बघावं लागतं. आणि टूर बऱ्याचदा तिथेच ठरते.

२०१४ आठवा. दोन फेवरिट होते, क्रिस फ्रूम आणि अल्बर्टो कोन्टाडोर. फ्रूम पाचव्या टप्प्यात ओल्या रस्त्यावर पडून बाहेर, कोन्टाडोर दहाव्या टप्प्यात बाहेर. पॅरिसमध्ये पिवळी जर्सी व्हिन्सेंझो निबालीच्या अंगावर, सात मिनिटांहून जास्त फरकाने. निबाली भारीच होता, प्रश्नच नाही. पण आधल्या आठवड्यात नाव लिहिणाऱ्या किती जणांनी पावसाचा विचार केला होता?

तर मुद्द्याचं. २०२६ ची टूर. ४ जुलैला बार्सिलोनात सुरू, २६ जुलैला पॅरिसमध्ये संपणार. एकवीस टप्पे, ३,३३३ किलोमीटर. आपल्यासाठी सोय अशी की फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, म्हणजे टप्प्याचा शेवट साधारण रात्री नऊच्या आसपास. ऑफिसमधून घरी या, वरणभाताला फोडणी द्या आणि बसा.

नावांचं आधी उरकून घेऊ. पहिला कॉलम बोअर आहे, कारण तो जवळजवळ भरून आलेला आहे. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार. २०२०, २०२१, २०२४, २०२५, चार टूर त्याच्या खिशात. पाचवी मिळाली तर तो आंकेतील, मर्क्स, इनो आणि इंदुराईन यांच्या रांगेत बसतो. त्यांच्यावर कुणी नाही. (एकाच्या नावावर सात होत्या, त्या २०१२ मध्ये पुसल्या गेल्या. तो विषय मिसळीबरोबरही पचत नाही.)

त्याला टूरमध्ये समोरासमोर हरवलेला माणूस एकच, डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड. २०२२ मध्ये ग्रानोंच्या घाटात त्याने पोगाचारला जवळजवळ तीन मिनिटांनी मागे टाकलं. २०२३ मध्ये कोल द ला लोझवर पोगाचार पावणेसहा मिनिटं हरला. दोन्ही ठिकाणं दोन हजार मीटरच्या वर, लांबलचक चढ. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मात्र २०२५ मध्ये पोगाचारने त्याच विंगेगार्डला ४ मिनिटं २४ सेकंदांनी हरवलं, आणि तेव्हा तरी मोठे घाट काही विंगेगार्डच्या मदतीला आले नाहीत.

तिसरं नाव बेल्जियमच्या रेम्को एव्हेनेपूलचं. घड्याळाविरुद्ध एकट्याने सायकल मारायची असेल तर हा राजा. पण २०२५ मध्ये चौदाव्या टप्प्यात, तूर्मालेच्या चढावर, त्याने सायकल सोडली. त्याच वर्षी तिसरा आलेला जर्मन फ्लोरियान लिपोविट्झ मला जास्त भरवशाचा वाटतो. आमच्या आयटीवाल्याला नाही वाटत. त्याने मिसळीचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

संपलं. आता तिसरा कॉलम.

पहिली जागा, बार्सिलोना, पहिलाच दिवस. सुरुवात टीम टाइम ट्रायलने, साधारण एकोणीस किलोमीटर. टीमचे आठजण एका ओळीत, पुढच्याच्या चाकाला आपलं चाक जवळजवळ चिकटवून सुसाट जाणार. नेहमी टीममधल्या ठरावीक क्रमांकाच्या रायडरची वेळ सगळ्यांना लागते. इथे प्रत्येकाची वेळ त्याची त्याची. म्हणजे शेवटी मोंझुइकच्या टेकडीवर टीमचा कॅप्टन बाकीच्यांना सोडून एकटा पळू शकतो. आपल्याकडे प्रेझेंटेशनच्या दिवशी असतं तसंच, आधी टीमवर्क आणि मग एकजण क्रेडिट घेऊन पुढे. धोका असा की शहरातलं वळण, फुल स्पीड, आणि पुढच्याने ब्रेक मारला तर मागच्याला विचार करायला वेळच नाही. दुसरा टप्पाही मोंझुइकवरच संपतो.

दुसरा धोका नकाशावर दिसत नाही, कारण तो वारा आहे. समोरून वारा आला की सगळे एकमेकांच्या मागे लपतात. बाजूने आला की लपायला जागा रस्त्याच्या रुंदीएवढीच. मग घोळका तिरक्या रांगांमध्ये फुटतो, आणि मागच्या रांगेत अडकलात की संपलं. जूनमध्ये मरीन ड्राइव्हवर छत्री धरायचा प्रयत्न केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. २०२० मध्ये लाव्होरच्या टप्प्यात खुद्द पोगाचार असाच अडकून १ मिनिट २१ सेकंद हरला होता. पुढे टूर त्याने जिंकली, पण फक्त ५९ सेकंदांनी. आणि २०२५ ला पहिल्याच दिवशी, लीलमध्ये, एव्हेनेपूल आणि रोग्लिच ३९ सेकंदांनी मागे पडले. ना पडले, ना पंक्चर झालं. नको त्या क्षणी पन्नास माणसं मागे होते, एवढंच.

तिसरी जागा, आणि माझ्या मते खरी, शेवटचा शुक्रवार-शनिवार. २४ आणि २५ जुलैला लागोपाठ दोन दिवस टप्पा आल्प द्युएझवर संपतो. शुक्रवारी नेहमीच्या रस्त्याने, त्या प्रसिद्ध एकवीस वळणांनी. शनिवारी १७१ किलोमीटर, क्रुआ द फेर, तेलेग्राफ, गालिबिए आणि मग सारेनच्या घाटाने मागच्या दारातून. एका दिवसात एकूण चढाई ५,६०० मीटरच्या घरात. सिंहगड चढून आल्यावर दोन दिवस जिना उतरू न शकणाऱ्या आमच्या तिघांनी हा आकडा तीनदा वाचला.

गालिबिए २,६४२ मीटरवर आहे. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. पोगाचारला ज्यांनी ज्यांनी घाम फोडला ते असले उंच, लांब, विरळ हवेतले चढ होते. आणि ते येणार तीन आठवड्यांच्या शेवटी, जेव्हा पायात काही उरलेलं नसतं. विंगेगार्डला संधी असेल तर ती इथे.

पण तिसऱ्या कॉलमसाठी मी चढ बघतच नाही, उतार बघते. टीव्हीवर चढ दिसतो, घाम दिसतो, कॉमेंट्री तापते. उतारावर आपण पाणी प्यायला उठतो. आणि तिथेच हे लोक चड्डी-बनियनएवढ्या कपड्यांत, बोटभर रुंद टायरवर, मोटारीच्या वेगाने खाली येत असतात. गालिबिएवरून खाली येताना पाऊस असेल आणि कुणाला पाऊण मिनिट भरून काढायचं असेल, तर तो वळणावर ब्रेक थोडा उशिरा दाबणार. सारेनचा रस्ता २०१३ मध्ये उतारासाठी वापरला होता, तेव्हा रायडरनीच तो धोकादायक असल्याची तक्रार केली होती. या वेळी तो चढायचा आहे. आयोजकांना एवढं एक बरं सुचलं म्हणायचं.

आणि प्रेक्षक. आल्प द्युएझवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी इतकी गर्दी असते की रायडरला जायला बोळ उरतो. १९९९ मध्ये ग्वेरिनी फोटो काढणाऱ्याला धडकून पडला, उठला आणि टप्पा जिंकला. २०१८ मध्ये निबालीचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. गर्दीत तो पडला, मणक्याचं हाड मोडलं, टूर संपली. २०२१ ला तर पहिल्याच दिवशी एक बाई आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठा कॅमेऱ्याला दाखवत रस्त्यात वाकली, टोनी मार्टिन त्यावर आदळला आणि मागे निम्मा घोळका आडवा. पुठ्ठ्याचा अंदाज कुठल्या नकाशात बघणार?

आमचा आयटीवाला म्हणतो, ‘कोण’चा कॉलम परत आणू या, हे ‘कुठे’ फार सिरियस होतंय, मजा गेली. मी त्याला एप्रिल २०२४ ची आठवण करून दिली. स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या शर्यतीत उतारावर एकाच वेळी विंगेगार्ड, एव्हेनेपूल आणि रोग्लिच पडले. विंगेगार्डच्या बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला मार बसला. जुनी शीट असती तर कुणाला तरी त्या दिवशी पॉइंट्स लावता आले असते. तीन महिन्यांनी तो टूरमध्ये उभा राहिला आणि दुसरा आला. आयटीवाला गप्प बसला. मग म्हणाला, “बरं, पण डबल पॉइंट्स तरी राहू देत.”

ते राहू दिलेत.

माझी रांग अशी आहे : पहिला, पोगाचार. दुसरा, विंगेगार्ड. कुठे : शनिवार, २५ जुलै, गालिबिएचा उतार, पाऊस असेल तर. त्या खान्यात मी कंसात लिहून ठेवलंय, हा अंदाज चुकला तर मिसळ माझ्याकडून. त्या दिवशी नऊ वाजेपर्यंत मी पाणी प्यायला उठणार नाहीये.