सराव चाचणीनंतरचा तास

बारावीच्या पूर्वपरीक्षा आटोपून प्रात्यक्षिकांच्या तारखा फळ्यावर लागू लागल्या, की चिपळूण, खेड, गुहागर, संगमेश्वर या तालुक्यांतील कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत मे महिन्याच्या आरंभी होणाऱ्या नीटची चर्चा मंडळाच्या परीक्षेहूनही मोठ्या आवाजात सुरू होते, आणि त्याच सुमारास या मासिकाकडे शिक्षकांची जी पत्रे येतात, त्यांतील बहुतेकांत सराव प्रश्नपत्रिकांचे आणखी संच छापावेत अशी मागणी असते. मागणी रास्त आहे आणि यथाशक्ति ती आम्ही पुरवूही. परंतु जे संच आज आपल्या दप्तरी आहेत त्यांचा विनियोग आपण कसा करतो, याविषयी, विशेषतः दंतवैद्यकाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना दृष्टीसमोर ठेवून, काही लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दंतवैद्यकाच्या पदवीसाठी निराळी प्रवेशपरीक्षा आपल्याकडे नाही. 1999 पासून राज्याची सामाईक परीक्षा होती. 2013 मध्ये नीट आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, 2016 मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले आणि तेव्हापासून वैद्यक व दंतवैद्यक या दोन्ही शाखांचा उंबरठा एकच झाला. याचा एक परिणाम असा, की बीडीएस म्हणजे एमबीबीएस हुकल्यावर पदरात पडणारी वस्तू, अशी समजूत घरोघरी रूढ झाली, आणि खेदाची गोष्ट ही, की ती आपल्या शिक्षकखोल्यांतही शिरली. दंतवैद्यच व्हायचे असे मनाशी ठरवून आलेल्या मुलीला ‘आधी सहाशेच्या वर जा, मग बघू’ असे आपण सांगतो, तेव्हा तिच्या ध्येयाची आपण नकळत अवहेलना करतो आणि तिच्या तयारीची दिशाही बिघडवतो.

वस्तुतः या विद्यार्थ्यापुढील प्रश्न पुष्कळ अधिक नेमका असतो. 2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या बीडीएस प्रवेशासाठी पात्रतेची पर्सेंटाइल दहाने उतरवण्याचा हुकूम दिला, कारण देशभर सुमारे 7,000 जागा रिकाम्या पडल्या होत्या. एवढ्यावरून दंतवैद्यकाचा प्रवेश सोपा आहे असा निष्कर्ष पालक काढतात. परंतु पात्र ठरणे निराळे आणि परवडणारी जागा मिळणे निराळे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर यांसारख्या मोजक्याच संस्थांत सामान्य कोकणी कुटुंबाला झेपेल अशा खर्चात शिकता येते. खेडचे योगिता दंत महाविद्यालय अंतराने आपल्या जवळचे खरे, परंतु ते खाजगी आहे. आंबा-काजूच्या हंगामावर किंवा मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर ज्या घरांचा जमाखर्च आजवर चालत आला, त्या घरांतील मुलांच्या बाबतीत तीस-चाळीस गुणांचा फरक हा प्रतिष्ठेचा नसून शिक्षण होणार की राहणार एवढ्याचा असतो. हे तीस-चाळीस गुण सराव चाचण्यांतून मिळवता येतात, अशी आमची खात्री आहे. मात्र ते चाचणीच्या तीन तासांत सापडत नाहीत, तर त्यानंतरच्या तासात सापडतात, आणि हा नंतरचा तास आपल्या वेळापत्रकात बहुधा नसतोच.

आज चाचणी होते ती अशी: रविवारी पेपर, सोमवारी उत्तरसूची, मंगळवारी फळ्यावर क्रमवारी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पेपर. दात दुखतो म्हणून आलेल्या माणसाला किती दात किडले तेवढा आकडा सांगून परत पाठवणाऱ्या दंतवैद्यासारखे हे झाले. कोणता दात, कोणत्या बाजूने, किती खोल, हे पाहिल्यावाचून उपचाराला आरंभ होत नाही.

एक उदाहरण पाहू. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 20 सेंटिमीटर, वस्तू 30 सेंटिमीटरवर. प्रतिमा कोठे पडेल? उत्तर 60 सेंटिमीटर. परंतु वस्तूचे अंतर ऋण धरायचे असते हे जो विसरला, त्याचे गणित व्यवस्थित सुटून उत्तर 12 येते, आणि पर्यायांत 12 हजर असते, कारण प्रश्न काढणाऱ्याला हा विसर ठाऊक असतो. विद्यार्थी निःशंक मनाने 12 चा गोल काळा करतो आणि पुढे जातो. त्याचे पाच गुण गेले, मिळू शकणारे चार आणि कापला गेलेला एक. आणि क्रमवारीच्या फळ्यावर यातले काहीच दिसत नाही. म्हणून आमची सूचना अशी, की चाचणी सोडवताना विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिकेवरच प्रत्येक क्रमांकापाशी एक खूण करावी: खात्रीने दिलेले उत्तर, दोन पर्यायांत अडकून दिलेले उत्तर, आणि निव्वळ अंदाज. नंतरच्या तासात शिक्षकाने सर्वांआधी हाती घ्यावीत ती खात्रीने दिलेली आणि तरी चुकलेली उत्तरे. न येणाऱ्या प्रश्नाची जाणीव विद्यार्थ्याला स्वतःलाच असते. ही दुसरी चूक मात्र दुसऱ्या कोणी दाखवल्याखेरीज त्याला कळण्याचा संभव नाही.

ऋण गुणांची जी धास्ती आपण मुलांना घालतो तिचाही येथे हिशेब केला पाहिजे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चार प्रश्नांमागे सरासरीने एक बरोबर येऊन चार गुण मिळतात, तीन चुकून तीन जातात. म्हणजे बाकी तरीही एक गुणाने जमेचीच राहते. दोन पर्याय विचारपूर्वक बाद करता आले तर दर प्रश्नामागे सरासरी दीड गुणाचा लाभ असतो. तेव्हा ‘शंका असेल तर सोडून द्या’ हा सरसकट उपदेश 720 गुणांच्या या परीक्षेत मध्यम विद्यार्थ्याचे नुकसान करतो. कोणते पर्याय बाद करायचे आणि का, हे तोंडाने बोलून दाखवण्याचा सराव वर्गात व्हावयास हवा. जीवशास्त्राचे 90 प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, या सरावाला विशेष अनुकूल आहेत.

चाचणी ही मोजणीखेरीज शिकण्याचीही रीत आहे, हे आता प्रयोगाने सिद्ध आहे. 2006 मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा पुनःपुन्हा वाचावयास दिला आणि दुसऱ्या गटाला एकदा वाचून तो वारंवार आठवून लिहावयास लावला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांजवळ 40 टक्के उरले आणि आठवणाऱ्यांजवळ 61. चिपळूणकरांस याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले, तेव्हा त्या वर्षीची नीट 12 सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या पावणेदोन महिन्यांवर होती, आणि वह्या, नोट्स, संच चिखलात गेलेल्या मुलांजवळ पुस्तकावाचून आठवेल तेवढीच पुंजी शिल्लक राहिली. भरीस भर म्हणजे त्याच जुलैत प्रश्नपत्रिकेची रचना बदलली आणि 200 पैकी 180 प्रश्न सोडवण्याची मुभा आली.

ती मुभा 2025 मध्ये गेली. आता पुन्हा 180 प्रश्न, 180 मिनिटे. मधल्या वर्षांचे संच वापरणाऱ्यांनी एवढ्यासाठी सावध असावे. अभ्यासक्रमाचेही तसेच आहे: 2024 च्या परीक्षेपासून पचन व शोषण हे प्रकरण वगळले गेले, आणि त्याबरोबर मानवी दंतसूत्रही. भावी दंतवैद्याच्या प्रवेशपरीक्षेत दातांविषयी प्रश्न नसावा हे आम्हांस खटकते, आणि राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकातील मानवी पोषणाचा पाठ शिक्षकांनी मन लावूनच शिकवावा. परंतु सराव संचात ते प्रश्न ठेवून मुलांचा वेळ घेऊ नये. अमेरिकेच्या दंतवैद्यक प्रवेशपरीक्षेत एके काळी खडूची कांडी कोरून आकृती घडवून दाखवावी लागे. आपल्याकडे हाताची ती परीक्षा प्रवेशानंतर, पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरताना होते, आणि तेथवर पोचण्याची वाट या 180 प्रश्नांतूनच जाते.

आणखी एक बाब वेळेची. आपल्या बहुतेक चाचण्या सोयीसाठी सकाळी सातला होतात. खरी परीक्षा मेच्या उकाड्यात दुपारी दोन ते पाच असते. जेवण झाल्यावर, पंखा बंद पडला तरी, तीन तास एकाग्र राहण्याची सवय सकाळच्या चाचणीतून लागत नाही. मार्चपासून तरी चाचण्या दुपारी घ्याव्यात. आणि पंधरवड्यातून एकच झाली तरी चालेल, पण तिच्यामागे चुका तपासण्याचा तो नंतरचा तास असावा.

पुढील अंकापासून आम्ही सराव संचासोबत ‘खात्रीने चुकलेले’ या नावाचे एक पान देणार आहोत. त्यासाठी शिक्षकांनी आपापल्या वर्गातील अशी उत्तरे, विद्यार्थ्याचे नाव गाळून, पण त्याने केलेली रीत जशीच्या तशी ठेवून, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत संपादकांच्या नावे पाठवावीत.