संगीताचे बिऱ्हाड

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्ली एक मत मोठ्या आत्मविश्वासाने प्रतिपादिले जात आहे. ते असे की, गाण्यांचा संग्रह घरात बाळगणे हा निव्वळ मागासलेपणा होय. महिन्याला शे-दीडशे रुपये मोजले की जगातले सगळे संगीत बोटाच्या स्पर्शासरशी हजर होते, मग हार्ड डिस्क, सीडी, फोल्डर आणि त्यांच्या नकला हा पसारा हवा कशाला? हे मत आमच्या महाविद्यालयातील एका विद्वान सहकाऱ्यांनी परवाच आम्हांस चहाच्या वेळी ऐकवले, व आमच्या संगणकाची नुकतीच जी दुर्दशा झाली होती तिचा दाखला देऊन ‘आता तरी शहाणे व्हा’ असा उपदेशही केला. उपदेशाबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. पण त्याच दुर्दशेपासून आम्ही जो बोध घेतला तो त्यांच्या बोधाच्या नेमका उलट आहे.

प्रथम त्या दुर्दशेची हकीकत सांगितली पाहिजे. आमचा जुना संगणक बारा वर्षांच्या सेवेनंतर निकामी होऊ लागला, म्हणून आम्ही नवा घेतला. वीस वर्षांत जमवलेल्या सुमारे चार हजार ध्वनिमुद्रिका नव्या यंत्रावर हलवण्याचे काम एका दुकानदाराकडे सोपवले. त्याने दुसऱ्या दिवशी निरोप दिला, “सर, डेटा सगळा आला आहे. जुनी डिस्क पुसून टाकू का?” आम्ही म्हणालो, “पुसा.” हा एक शब्द आम्हांस केवढ्याला पडला ते पुढे येईलच.

घरी येऊन पाहतो तो गाण्यांची नावे सगळी जागच्या जागी, परंतु प्रत्येक नावापुढे एक उद्गारचिन्ह! वाजवू गेल्यास मूळ फाइल सापडत नाही असे उत्तर. कारण पुढे आमच्या एका विद्यार्थ्याने समजावून दिले. गाणी वाजवणारा तो प्रोग्रॅम गाणी स्वतःजवळ ठेवीतच नाही. गाणे कोठे आहे याचा पत्ता तेवढा टिपून ठेवतो. ग्रंथालयाचे सूचीपत्र जसे. कपाटे हलवली आणि पत्रके तशीच राहिली तर ग्रंथपाल काय करणार? गाण्यांची मुख्य साठवण आमच्या बाहेरच्या डिस्कवर होती. जुने यंत्र त्या डिस्कला ‘ई’ या अक्षराने ओळखीत असे. नव्याने तिला ‘एफ’ म्हटले, आणि एका अक्षराच्या फरकाने चार हजार गाणी बेपत्ता झाली. विद्यार्थ्याने अक्षर पूर्ववत केले तेव्हा बहुतेक परत आली. पण तोवर दुकानदाराने मोठ्या सद्बुद्धीने सगळा संग्रह नव्या फोल्डरात पुन्हा भरून ठेवला होता. त्यामुळे काही गाणी दोनदा, काही तीनदा, आणि तीही अकारविल्हे. अकारविल्ह्याचा परिणाम वाचकांनी ध्यानी घ्यावा. रोमन लिपी घ्या वा देवनागरी, द्रुत हा शब्द विलंबिताच्या आधीच येतो. म्हणून आमच्या नव्या यंत्रावर प्रत्येक रागाचा द्रुत ख्याल आधी वाजतो व विलंबित मागून! साठ वर्षे रियाझ केलेल्या गवयाची मांडणी उलटी करण्यास यंत्राला निमिषही लागले नाही.

आमचा खरा रोष त्या दुकानदारावर नाही. ज्या चौकटीत हे संगीत बसवले गेले ती चौकटच परक्याने स्वतःच्या सोयीने आखलेली आहे, आणि आम्ही तिच्यात निमूटपणे बसलो, ही आमची तक्रार. एमपीथ्री फाइलीस नाव-गाव चिकटवण्याची आयडीथ्री नावाची जी पद्धत १९९६ साली निघाली, तिच्या पहिल्या आवृत्तीत गाण्याच्या नावाला ३० अक्षरे, गायकाला ३०, संग्रहाला ३०, असा हिशेब होता. देवनागरीला तेथे प्रवेशच नव्हता. तो पुढच्या आवृत्तीत मिळाला. संगीताचा प्रकार सांगण्यासाठी मूळ यादीत ८० नावे होती. त्या यादीत पोल्का आहे, थट्टामस्करी हाही एक संगीतप्रकार म्हणून आहे, पण ख्याल नाही, ठुमरी नाही, नाट्यपद नाही, अभंग नाही. राग, ताल, घराणे, साथीदार यांसाठी घरच नाही, मग भरायचे कोठे? भातखंड्यांनी दहा थाटांत राग लावून दिले, त्यावर पंडितांनी किती वाद घातले! पण येथे आमचे सारे गाणे ‘एथ्निक’ या एका गाठोड्यात बांधले गेले, तर एकाही पंडिताने हूं की चूं केले नाही. रोमन लिपीने आणखी घोळ घातला. भीमसेन जोशींच्या नावातील ‘भी’ कोणी एका स्वराने लिहितो, कोणी दोन. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे गवई झाले.

आता आमचे सहकारी म्हणतील, हेच तर आम्ही सांगतो; ही कटकट भाड्याच्या संगीतात नाही. घराचे छप्पर गळते म्हणून घर विकून धर्मशाळेत राहावयास जावे, यातला हा युक्तिवाद आहे. धर्मशाळेचे नियम कोण करतो? स्पॉटिफाय २०१९ साली भारतात आले. त्याच वर्षी सारेगामाच्या ध्वनिमुद्रिका तेथून उतरवल्या गेल्या, आणि करार झाल्यावर २०२० च्या जूनमध्ये परत आल्या. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. आपल्या आजोबांच्या पिढीने जे ऐकले त्याचा केवढा तरी वाटा तिच्या कोठारात आहे. मधल्या काळात महिन्याचे पैसे भरणाऱ्या श्रोत्याला कोणी विचारले होते काय? गूगलने आपली प्ले म्युझिक ही सेवा २०२० साली मिटवली, गिऱ्हाइकांना बिऱ्हाड दुसरीकडे हलवण्यास मुदत दिली, व २०२१ च्या फेब्रुवारीत मागे राहिलेले सगळे पुसून टाकले. निदान त्यांनी मुदत तरी दिली. मायस्पेस या एके काळच्या प्रख्यात संस्थेने २०१९ साली कबूल केले की, साठा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवताना २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी तिच्या हवाली केलेले संगीत गमावले आहे. आमच्या दुकानदाराचीच चूक. फरक इतकाच की तो आमच्या गल्लीत राहतो व समोर उभा राहून खाली मान घालतो.

विकत घेतलेल्या गाण्यांचीही कथा फारशी निराळी नाही. या व्यापाराच्या पहिल्या काळात गाणे कुलूप घालून विकीत, आणि किल्ली विकणाऱ्याच्या यंत्रावर असे. मायक्रोसॉफ्टने २००८ च्या एप्रिलमध्ये आपल्या बंद पडलेल्या एमएसएन म्युझिक या दुकानाच्या गिऱ्हाइकांस कळवले की, ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ली मिळणार नाही. पुष्कळ ओरड झाली तेव्हा ती मुदत २०११ च्या अखेरीपर्यंत वाढवण्यात आली. दाम मोजून घेतलेल्या वस्तूस मुदत! महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद केले, आणि राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली हुडकून काढीपर्यंत मराठी गद्याचा तो ठेवा पंथाबाहेरच्या वाचकास दुर्लभ राहिला. पण महानुभावांची किल्ली पंथातल्या माणसांच्या स्मरणात तरी होती. दुकानाची किल्ली दुकानाबरोबर जाते, आणि ती हुडकू पाहणाऱ्यास कित्येक देशांचा कायदा गुन्हेगार ठरवतो.

ज्यांस संगीताची खरी चाड आहे त्यांनी आपला संग्रह फ्लॅकसारख्या कोणालाही वाचता येणाऱ्या, काटछाट न करणाऱ्या स्वरूपात ठेवावा. सीडीवर दर सेकंदास चौदा लक्षांवर बिट खर्च होतात. एमपीथ्रीचा जो १२८ चा मापदंड एके काळी सर्रास चालत असे त्यात त्यांचा अकरावा हिस्सा उरतो, आणि गेलेला भाग मागाहून कोणत्याही उपायाने परत येत नाही. तंबोऱ्याच्या जव्हारीने जो नाद भरून येतो त्यातले नेमके काय गेले, हे ज्याने तंबोऱ्याजवळ बसून गाणे ऐकले आहे त्याला सांगावे लागत नाही. फोल्डरांस आपल्या लिपीत, आपल्या रीतीने नावे द्यावीत; क्रमांक नावातच घालावा, म्हणजे द्रुताला पुढे घुसता येणार नाही. एक नक्कल घरी, एक दुसऱ्या गावी नातलगांकडे. आणि त्या नकला वाजवून पाहिल्याखेरीज ‘पुसा’ म्हणू नये.

कारण पुसल्यावर काय होते ते आम्ही पाहिले आहे. विद्यार्थ्याने अक्षर बदलल्यावर उद्गारचिन्हे गेली, ती सगळी नव्हे, सत्तावीस राहिली. पंचवीस मिळण्याजोगी होती, मिळाली. उरलेल्या दोन फाइली आमच्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्यांच्या. १९८७ साली थोरल्या बंधूंनी गावी कॅसेटवर घेतलेल्या, २००६ साली आम्ही स्वतः संगणकावर उतरवलेल्या. त्या इतर गाण्यांच्या फोल्डरात नव्हत्या. जुन्या यंत्रावरच कोठल्याशा कोपऱ्यात ठेवून आम्ही त्यांचा नुसता पत्ता प्रोग्रॅमला दिला होता. दुकानदाराने गाण्यांचे फोल्डर हलवले, आम्ही ‘पुसा’ म्हटले. दोष आमचाच. आमचे सहकारी ज्या सेवेची शिफारस करतात तिच्या कोट्यवधी गाण्यांत आम्ही त्या ओव्या शोधूनही पाहिल्या; हसू येईल, पण पाहिल्या. खासगी मैफलींची जी मुद्रणे पुण्यातल्या रसिकांनी हातोहात एकमेकांस दिली व जपली, त्यांतलीही फार थोडी तेथे आहेत. जगातल्या सगळ्या संगीतात ही मोजली जात नसावीत.

कॅसेट मात्र सापडली आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, बंधूंच्या अक्षरात ‘आई — ओव्या’ असे लिहिलेली. फीत थोडी चिकटली आहे. ती वाजवण्याचे यंत्र आमच्या घरी उरलेले नाही. गेले तीन रविवार आम्ही जुन्या बाजारात हिंडतो आहोत. परवा एकाने एक यंत्र दाखवले, चालू आहे म्हणाला. आम्ही आधी दुसरी एक निरुपयोगी कॅसेट घालून पाहिली. त्याने ती खाल्ली. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.