परदेशी जाताना गाठीशी किती असावे?

परदेशी जाऊन नशीब काढावे ही इच्छा आपल्या लोकांत नवी नाही. पण अलीकडे ती घरोघरी आढळू लागली आहे. पदवीची परीक्षा उत्तीर्ण होण्यापूर्वीच कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया ह्या नावांचा जप सुरू होतो. पालकसभेस आलेली मंडळी मुलांच्या गुणांविषयी दोन शब्द बोलून झाले की हळूच विचारतात, "तिकडे जाऊन मग नोकरी शोधायची, तर मुलाबरोबर पैसे किती द्यावेत?" प्रश्न साधा दिसतो, उत्तर मात्र बहुधा भलत्याच ठिकाणी शोधले जाते. कोणी दलालास विचारतो, कोणी पुढे गेलेल्या मावसभावास, तर कोणी त्या देशाच्या सरकारने ठरवलेला आकडा पाहतो आणि तेवढी रक्कम जमली की निश्चिंत होतो. ह्या विषयासंबंधी आमचे मत पालक व विद्यार्थी ह्या दोघांपुढेही मांडावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. आखाती देशांत जाणारे आपले बहुतेक कामगार काम ठरवून, करार हाती घेऊन जातात. त्यांना वाट पाहण्यासाठी मोठी पुंजी लागत नाही. त्यांनी जपावयाचे ते एवढेच की, भरती करणाऱ्या नोंदणीकृत दलालास आपल्या कायद्याप्रमाणे तीस हजार रुपये व त्यावरील कर ह्यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, आणि कोणी लाखांच्या गोष्टी बोलू लागला तर तेथूनच मागे फिरावे. प्रस्तुत लेख आहे तो काम हाती नसताना, कामाच्या शोधात कुटुंब घेऊन अगर एकट्याने निघणाऱ्यांविषयी.

अशा माणसांकडे पैसा आहे की नाही हे आता परकी सरकारेही पाहतात. कॅनडाचेच उदाहरण घेऊ. तेथे २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री नावाची पद्धत चालू आहे. तिच्यामधून कुशल कामगार म्हणून कायमच्या वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्यास, नोकरीचा मान्य करार व तेथे काम करण्याची परवानगी हाती नसेल तर, ठरावीक रक्कम आपल्यापाशी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. जुलै २०२५ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे ही रक्कम एकट्या माणसास १५,२६३ डॉलर, दोघांच्या कुटुंबास १९,००१, तिघांस २३,३६० आणि चौघांस २८,३६२ डॉलर इतकी आहे. हे डॉलर कॅनडाचे होत. बायकोमुले मागे ठेवून एकटाच पुढे गेला तरी मोजणी सबंध कुटुंबाची होते. राहत्या घराची वा जमिनीची किंमत ह्यात धरली जात नाही, दुसऱ्याकडून उसने घेतलेले पैसे चालत नाहीत, आणि खात्यात गेल्या सहा महिन्यांत सरासरी किती शिल्लक होती व डोक्यावर कर्ज किती आहे, हे बँकेच्या पत्रात लिहून द्यावे लागते.

हा आकडा वाचून पुष्कळांची समजूत अशी होते की, एवढे पैसे नेले म्हणजे भागते. ही समजूत फार घातक आहे. तो आकडा कसा काढतात ते पाहा. त्या देशात कमी उत्पन्नाची म्हणून जी वार्षिक सीमारेषा मानतात, तिच्या निम्म्याने ही रक्कम दरवर्षी ठरवली जाते. म्हणजे ओढाताणीच्या काठावर उभ्या असलेल्या घराचे हे सुमारे सहा महिन्यांचे उत्पन्न झाले. दाराशी उभा असलेला पहारेकरी कोणाला आत सोडावे एवढेच पाहतो. आत गेलेल्याचा संसार कसा चालेल ह्याची जबाबदारी तो घेत नाही. सरकारचा आकडा हा असा पहारेकऱ्याचा आकडा आहे.

थोडे गणित करून पाहू. एक नवरा-बायको बरोबर १९,००१ डॉलर घेऊन टोरांटो शहरी उतरले असे समजा. तेथे एका शयनगृहाच्या घरास महिन्याला दोन हजार डॉलर भाडे धरले तर ते अधिक होणार नाही. ऑन्टॅरिओ प्रांतात घरमालक पहिल्या महिन्याच्या भाड्याबरोबर शेवटच्या महिन्याचे भाडेही आगाऊ मागू शकतो. म्हणजे चार हजार डॉलर किल्ली हाती येतानाच गेले. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, आणि तेथील हिवाळ्याला पुरतील असे कोट व बूट ह्यांस दोन हजार धरू. उरले तेरा हजार. परतीच्या तिकिटांसाठी अडीच हजार बाजूला ठेवले तर साडेदहा हजार. आता शहरातील गाड्यांचा मासिक पास २०२५ साली माणशी १५६ डॉलर होता, तो दोघांचा ३१२. त्यात धान्य, दूध, भाजी, दूरध्वनी व किरकोळ खर्च मिळवून महिन्यास बाराशे डॉलर धरले, तर दुसऱ्या महिन्यापासून भाड्यासह खर्च बत्तीसशे होतो. ह्या हिशेबाने चौथा महिना संपता संपता पिशवी रिकामी होते. ह्यात आजारपण धरलेले नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उतरलात, तर तो उरलेला महिना व त्यापुढील दोन महिने सरकारी आरोग्यविमा लागू होत नाही. तेवढ्या काळाचा विमा स्वतः विकत घ्यावा लागतो.

चार महिन्यांत मनाजोगे काम मिळेलच अशी खात्री कोण देईल? आमच्याकडील परिचारिका, इंजिनियर, शिक्षक ह्यांना तर तेथील प्रांताच्या अधिकृत मंडळाचा परवाना मिळाल्याशिवाय आपला धंदा त्या नावाने करताच येत नाही. प्रमाणपत्रांची तपासणी, परीक्षा, शुल्क ह्यांत महिने जातात. क्वचित वर्षही जाते.

आता आमचा मुख्य मुद्दा. परमुलुखात नेलेली पुंजी केवळ भाकरीसाठी नसते. पडेल ते काम नाकारण्याची ताकद ती माणसाला देते. ज्याच्यापाशी सहा महिन्यांचा निर्वाह आहे, तो अन्याय्य पगार देऊ करणाऱ्या मालकास नम्रपणे 'नको' म्हणू शकतो. ज्याच्यापाशी तीन आठवड्यांचाच आहे, तो समोर येईल त्या कागदावर सही करतो. मग दिवसभर कोठारात खोकी उचलणाऱ्या इंजिनियरास परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करण्याइतके त्राण रात्री उरत नाही, आणि तात्पुरते म्हणून धरलेले काम वर्षानुवर्षे सुटत नाही. आम्ही कष्टाच्या कामास हलके मानीत नाही. कोणतेही प्रामाणिक काम मानाचेच आहे. पण शिकलेली विद्या केवळ वाट पाहण्याची ऐपत नाही म्हणून गंजत पडावी, हे नुकसान लहान नव्हे.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा कोकणातला तरुण जवळजवळ रित्या हाताने आगबोटीत बसत असे. पण चाळीतल्या खोलीत गाववाले त्याला पथारीपुरती जागा देत, आणि काम लागेपर्यंत खाणावळीतले ताट सहसा कोणी तरी निभावून नेई. गोव्याच्या दर्यावर्दी मंडळींनी तर धोबीतलाव भागात गावोगावच्या 'कूड' उभारल्या. एका जहाजावरून उतरल्यावर दुसरे जहाज मिळेपर्यंत त्या गावच्या माणसाला तेथे अल्प खर्चात राहता येई. त्यांच्या खिशात पुंजी नव्हती, पण गावाने मिळून ती एका ठिकाणी साठवली होती. उलट मॉरिशसचे उदाहरण पाहा. १८३४ पासून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जे लोक त्या बेटावर गेले त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या जाण्याचा खर्च मालकपक्षाने सोसला, आणि त्याच्या मोबदल्यात करारातली वर्षे संपेपर्यंत त्यांना मळा सोडण्याची मोकळीक राहिली नाही. वाट पाहण्याचा खर्च जो उचलतो, त्याच्या हाती आपली दोरी जाते, हा ह्या दोन्ही उदाहरणांचा बोध आहे.

म्हणूनच कर्ज काढून पाठवणी करणाऱ्या पालकांस आमचे सांगणे आहे. जमीन गहाण टाकून, आईचे दागिने मोडून, बापाच्या निवृत्तीची रक्कम काढून मुलास धाडले, तर दिसायला रक्कम तीच. पण पहिल्या महिन्यापासून हप्त्याचा तगादा मुलाच्या मानेवर बसतो, आणि नकार देण्याची जी ताकद द्यावयाची होती तीच आपण काढून घेतो. त्यातून दोन वर्षांनी आई आजारी पडली तर इकडे औषधाला पैसा नाही आणि तिकडून येण्याला तिकीट नाही, अशी अवस्था होते. चार दिवसांपुरते कोणाचे तरी पैसे खात्यात ठेवून दाखला मिळवून देतो म्हणणारे लोकही भेटतात. त्यांच्या वाऱ्यासही उभे राहू नये. खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास कॅनडाचा कायदा पाच वर्षे प्रवेश बंद करतो. आणि कायदा नसता तरी नव्या देशात पहिले पाऊल खोट्यावर टाकू नये.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. कोणी म्हणेल, "अमुक एक गृहस्थ दोन पेट्या आणि थोडे पैसे घेऊन गेले आणि आज त्यांचा स्वतःचा बंगला आहे. एवढी पुंजी साठवीत बसले तर गरिबाच्या मुलाने जायचे कधी?" पहिल्या भागास उत्तर असे की, बंगला बांधणाराची गोष्ट गावभर होते, जो सहा महिन्यांत हताश होऊन परतला तो आपली गोष्ट कोणास सांगत नाही. म्हणून एका बाजूच्याच साक्षी ऐकून निर्णय करू नये. दुसरा भाग मात्र खरा आहे. गरिबाला वाट पाहणे महागच पडते. त्याला आमचे सांगणे असे की, पुंजी वाढवता येत नसेल तर खर्चाचे महिने कमी करावेत. परवान्याच्या परीक्षा व भाषेची तयारी जितकी येथे राहून होईल तितकी येथेच पुरी करावी. आप्ताच्या घरी दोन महिने आसरा मिळत असेल तर तो आधी पत्राने स्पष्ट ठरवून घ्यावा. महागड्या महानगराऐवजी लहान शहर निवडावे. देश निवडतानाही ताळेबंद पाहावा. जर्मनीने १ जून २०२४ पासून काम शोधणाऱ्यांसाठी संधिपत्र सुरू केले आहे. त्यावर एक वर्षापर्यंत राहून काम शोधता येते आणि आठवड्यास वीस तासांपर्यंत अर्धवेळ कामही करता येते. त्यासाठी २०२५ साली दरमहा १,०९१ युरोप्रमाणे निर्वाहाची तरतूद दाखवावी लागे, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो. ही रक्कम बंद खात्यात ठेवल्यास दरमहा ठरलेला हिस्साच हाती येतो. ही शिस्त आम्हांस फार आवडते. कोणत्याही देशी गेलात तरी स्वतःच्या पैशाला असेच महिन्याचे कुलूप घालावे.

तर मग गाठीशी किती असावे? आमचे माप असे : घर मांडण्याचा खर्च, अधिक सहा महिन्यांचा पुरा निर्वाह, अधिक सगळ्यांच्या परतीचे भाडे. ज्यांच्या धंद्यास परवाना लागतो त्यांनी सहाच्या जागी नऊ ते बारा महिने धरावेत. परतीच्या भाड्यास काही झाले तरी हात लावू नये. परत येण्याची सोय असलेला माणूस अधिक धीराने टिकतो. हे सारे स्वतःच्या बचतीतले असावे, आणि ते नेल्यावर मागे राहिलेल्या घराचेही सहा महिने अडू नयेत. एवढे जमत नसेल तर एक-दोन वर्षे थांबावे. बुरूज बांधावयास घेण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तो माणूस भित्रा नव्हता. थांबलेल्या मुलास "अजून गेला नाहीस का?" असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या समुद्रापार जातील. जा अवश्य, जग मोठे आहे आणि तुमच्या विद्येला तेथे काम आहे. पण निघण्याचे मनात येईल त्या दिवशी एका कोऱ्या कागदावर चार आकडे लिहा : तेथील एका महिन्याचा खर्च, काम मिळण्यास लागतील असे वाटणारे महिने, परतीचे भाडे, आणि आजमितीस स्वतः साठवलेली रक्कम. पहिल्या दोहोंचा गुणाकार करून त्यात तिसरा आणि घर मांडण्याचा खर्च मिळवा, व चौथ्याशी ताडून पाहा. तो कागद आई-वडिलांपुढे ठेवा आणि निघण्याची तारीख त्यानंतर ठरवा.