किरणांचा हिशेब

बीड जिल्ह्यात गावाच्या वस्तीलगत मोबाइलचा मनोरा उभा राहू लागला, की ग्रामपंचायतीपासून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत हरकतीचे अर्ज जातात. आणि त्याच गावचा रुग्ण तालुक्याला एक, जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरा व मोठ्या शहरात तिसरा सीटी स्कॅन निमूटपणे काढून घेतो. मनोऱ्याच्या लहरींत अणूतील इलेक्ट्रॉन उखडण्याचे सामर्थ्य नसते. फार तर त्या शरीरास किंचित ऊब देतील. ऊसतोडणीच्या फडात दिवसभर उन्हात राबणाऱ्याला सूर्याच्या अतिनील किरणांपासून मोतीबिंदूचे जे भय आहे, तेवढेही या मनोऱ्यापासून नाही. क्ष-किरण व गॅमा किरण मात्र पेशीच्या केंद्रात शिरून डीएनएचे धागे तोडतात. हे धागे बहुधा पुन्हा सांधले जातात, पण क्वचित चुकीचे सांधले गेले, तर त्याचे पर्यवसान कित्येक वर्षांनी कर्करोगात होऊ शकते. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात किरणोपचार होतात तेही याच भेदकतेच्या बळावर, परंतु तेथे मात्रा मोजूनमापून, गाठीवर रोखून दिलेली असते.

आमच्या जिल्ह्यात गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफीच्या यंत्रावर सरकारची करडी नजर आहे, आणि ती असलीच पाहिजे; २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली उरलेल्या या जिल्ह्याने ती स्वतःवर ओढवून घेतली आहे. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीचा 'एफ' नमुना दप्तरी दाखल होतो. गंमत अशी, की सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतोच, असतो तो केवळ ध्वनी! ज्या सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा किरणोत्सर्ग खरोखर असतो, त्याचा रुग्णापुरता हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी, तर छातीच्या सीटी स्कॅनची साधारण सहा-सात. निसर्गाकडून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतात. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तंत्रज्ञाच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो; रुग्णाच्या हाती उरते ती फिल्मची पिशवी, जी पुढचा डॉक्टर बहुधा उघडतही नाही.

अपघातात डोक्याला मार लागलेल्याने स्कॅनला भिऊ नये. तेथे विलंबच घातक. तक्रार आहे ती पुनरुक्तीची. यंत्र प्रत्येक तपासणीची मात्रा आपणहून नोंदवते; ती अहवालावर उतरवण्याची आणि आधीचा स्कॅन पाहिल्याखेरीज नवा न काढण्याची सक्ती करण्यास आरोग्य खात्याला एक परिपत्रक पुरेल.