बीटा नक्की कुणासाठी?

"बीटा काढला होता की! तेव्हा कुणी बग सांगितला नाही." रिलीज फसलं की ओपन सोर्स प्रकल्पांत हे वाक्य हमखास येतं, आणि माझं डोकं फिरतं. मी कामात वापरतो त्या एका लायब्ररीचा बीटा शुक्रवारी रात्री आला आणि सोमवारी सकाळी तोच फायनल म्हणून बाहेर पडला. काय बदललंय याची नोंद अर्धवट, जुन्या आवृत्तीवर परत कसं जायचं याबद्दल अवाक्षर नाही. ही चाचणी कसली? उद्या दोष कुणावर ढकलायचा, त्याची ही आगाऊ सोय.

हा रोग जुना आहे. जानेवारी २००८ मध्ये केडीई या डेस्कटॉपची ४.० आवृत्ती आली. ती रोजच्या वापरासाठी पुरती तयार नाही, हे करणाऱ्यांना माहीत होतं. त्यांनी तसं सांगितलंही. त्यांची अडचण खरी होती. बीटा फार थोडे लोक लावतात, त्यामुळे रिलीज केल्याशिवाय बग कळतच नाहीत. पण लोक इशारे वाचत नाहीत, आकडा वाचतात. '४.०' म्हटल्यावर फेडोरा ९ नेही केडीईची हीच मालिका दिली आणि वैतागलेले लोक पळू लागले. खुद्द लिनस टोरवाल्ड्सने आपण केडीई सोडून ग्नोम धरल्याचं पुढच्या वर्षी जाहीरपणे सांगितलं.

त्याच टोरवाल्ड्सच्या लिनक्स कर्नलमध्ये काय चालतं बघा. नवं काम आत घ्यायला दोन आठवडे, मग दार बंद. त्यानंतर साधारण दर रविवारी एक रिलीज कँडिडेट, असे सातेक, क्वचित आठ. नऊ-दहा आठवड्यांत आवृत्ती बाहेर. एखादं फीचर राहिलं तर राहिलं, पुढची खेप जवळच असते. गावाकडे शेवटच्या एसटीला लोक खिडकीतून बॅगा टाकून जागा धरतात, कारण मागून दुसरी गाडी नाही. रिलीजची तारीख अनिश्चित असली की डेव्हलपरही तेच करतात: अर्धं शिजलेलं काम शेवटच्या रात्री आत कोंबतात.

"सगळे स्वयंसेवक आहेत, फुकट देतात, वर तक्रारी कसल्या करता?" मान्य. पण बीटा लावणाराही पगारी नसतो. त्याचा बग आठ महिने उत्तराविना पडून राहिला तर पुढच्या वेळी तो का येईल?

आणि चाचणी म्हणजे बटणं दाबत बसणंही नव्हे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर शाखेवर पोस्टग्रेस-क्यूएलचा वेग मोजत होता. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून त्याने खोदलं आणि एक्सझेड या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. मुख्य वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत तो पोचायच्या आधी! तो एक्सझेड तपासायला बसलाच नव्हता. कच्च्या आवृत्तीवर आपलं नेहमीचं काम करणारा एक माणूस तिथे होता, इतकंच.

आता आपल्याकडे. लिब्रेऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात आणि बीटा तुमच्या चालू आवृत्तीला धक्का न लावता शेजारी बसतो. ही सोय प्रत्येक प्रकल्पाने उचलावी. तरी मराठीतून तो लावणारे किती? 'दुसऱ्या'मधला तो आडवा र तुटला, तर युरोपातल्या डेव्हलपरला दिसणार नाही. हिंदीवाल्यालाही नाही, त्याला तो लागतच नाही. मग रिलीजनंतर आपण स्क्रीनशॉट टाकून हसतो, "बघा, मराठीची काय वाट लावलीये."

पुढच्या बीटात आपलं रोजचं एखादं पत्र उघडा. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' टाइप करा, बॅकस्पेसने एकेक अक्षर मागे या, पीडीएफ काढून त्यातला मजकूर कॉपी करून बघा. आणि प्रकल्पवाल्यांनो, अक्षरजुळणीच्या कोडला हात लावला असेल तर ते बीटाच्या नोंदीत पहिल्याच ओळीत लिहा. वीस तास देणारा माणूस आम्ही शोधू, पण त्याला नेमकं कुठे बघायचं ते तुम्हालाच सांगावं लागेल.